मॅग्नेशियमचं बूच

माझ्या मुलीचा जन्म मला आठवत नाही. त्या वेळी मी तिथेच होते, माझ्याशिवाय तो होणं शक्यही नव्हतं, पण आठवत काही नाही. एकदा स्टाफरूममध्ये सहज हे बोलून गेले, तर केमिस्ट्रीचे सर म्हणाले, "बायकांचं बरं असतं मॅडम, देवानं त्रास विसरायची सोय करून ठेवलीय." मी डबा उघडला आणि भेंडीची भाजी खाल्ली. अशा माणसांना उत्तर देण्यात मधली सुट्टी वाया जाते.

शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बायोलॉजी शिकवते. सासर तळेगाव ढमढेऱ्याला, माहेर पाटसला. बारावीला मेंदूचा धडा आहे. दिवाळीची सुट्टी संपली की तो येतो, आणि त्यात एक पेशी दुसऱ्या पेशीला कशी उठवते ते सांगायचं असतं. पुस्तकात त्याला अर्धं पान दिलंय. मी त्यावर दोन तास घालवते. पोर्शन मागे पडतो म्हणून वरून बोलणी बसतात, तीही खाते.

मी सांगते ते असं. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये एक फट असते, डोळ्यांना कधी दिसणार नाही इतकी बारीक. पहिल्या पेशीतून विजेची लहर धावत येते आणि फटीच्या काठाशी थांबते, कारण तिला ती फट ओलांडता येत नाही. मग तिथे साठवून ठेवलेल्या सूक्ष्म पिशव्या उघडतात आणि त्यांतलं ग्लुटामेट फटीत सांडतं. ग्लुटामेट म्हणजे काय, तर एसटी स्टँडसमोरच्या चायनीजच्या गाडीवर कढईत चिमूटभर पांढरी पावडर टाकतात, तिचा सख्खा भाऊ. मेंदू तो आपला आपण बनवतो, त्यासाठी गाडीवर जायची गरज नाही. वर्ग इथे हसतो. दरवर्षी बरोबर इथेच हसतो.

फटीच्या पलीकडच्या पेशीला दारं असतात. ग्लुटामेट येऊन लागलं की त्यातली काही दारं झटकन उघडतात, सोडियम आत शिरतं आणि ती पेशी चाळवते. एका हाकेनं कुणी उठत नाही. आमच्या घरातल्या माणसांसारखंच असतं ते, चार जणांनी चार बाजूंनी हाका मारल्या की मग उठणार. पण एकदा उठली की तीही पुढच्या पेशीला हाक मारते.

दुसऱ्या प्रकारचं एक दार आहे. ते शिकवायला मला फार आवडायचं. त्या दारात मॅग्नेशियमचा एक कण अडकून बसलेला असतो, बाटलीच्या तोंडात बूच असावं तसा. नुसतं ग्लुटामेट आलं तर दार उघडूनही उपयोग होत नाही, बूच जागेवरच असतं. ती पेशी इतर हाकांनी आधीच जागी झालेली असेल, तरच ते उडतं. बाहेरून हाक आणि आतून जाग, दोन्ही एका वेळी लागतात. मग कॅल्शियम आत जातं आणि त्या दोन पेशींमधली वाट पक्की होते. पुढच्या खेपेला थोडक्या हाकेवर काम भागतं. ज्याला आपण आठवण म्हणतो ती बरीचशी अशी तयार होते.

आता हाक मारून झाली की सांडलेलं ग्लुटामेट उचलावंही लागतं. शेजारच्या पेशी ते काम करतात. ते नीट झालं नाही, किंवा सगळ्या पेशी एकाच वेळी ओरडायला लागल्या, की मेंदूचा आठवडे बाजार होतो. त्याला फिट म्हणतात. आमच्याकडे फेफरं.

मला ते आलं होतं, नववा महिना चालू असताना.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी पाटसला होते. कारखान्याचा हंगाम चालू होता. त्या दिवसाचं जे काही माझ्याजवळ आहे ते सगळं आईचं आहे. तिनं ते इतक्यांदा सांगितलं की कुठल्या वाक्याला ती पदर सावरणार तेही मला पाठ झालं होतं. माझे पाय आधी आठ-दहा दिवस सुजले होते. आळीतल्या बायकांनी बघून सांगितलं, "पाय सुजलं म्हंजी पोरगाच हाय." कुणाला काळजी वाटली नाही, उलट आनंदच झाला. मग डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांसमोर काजवे यायला लागले. आईनं दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या तर ठसकाच आला नाही. आमच्यात ठसका आला नाही की दृष्ट मोठी समजतात, त्यामुळे आईनं संध्याकाळी पुन्हा काढली. मी एम.एस्सी. झालेली बाई, पाटावर मुकाट बसून होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातच मी कोसळले. आई सांगायची, "डोळं फिरलं, दातखिळी बसली, आन् अंग असं उडाया लागलं जसं काय कुणी तारेला चिकाटलंय." शेजारणीनं कांदा बुक्कीनं फोडून नाकाला लावला. दुसरी एक जण चप्पल घेऊन आली, पण तोवर माझ्या धाकट्या भावानं जीप दारात आणली होती. दौंडच्या रस्त्याला पुढे उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन ट्रॉल्या, आणि गाण्याच्या आवाजात हॉर्न ऐकू जातोय कुणाला. जीपमध्ये मला पुन्हा झटका आला. आईनं माझं डोकं मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बघितल्या बघितल्या नर्सला सांगितलं, मॅग्नेशियम सल्फेट काढा. हे ऐकून माझा भाऊ दारातून म्हणाला, "मॅडम, ते आपल्या शेडमधी पोतंभर पडलंय. आणू का?" उसाची पानं पिवळी पडली की तेच टाकतात, त्याचं काही चुकलं नव्हतं. नर्स म्हणाली, "भाऊ, ते उसाचं. हे माणसाचं. तुम्ही बाहेर व्हा." ही जागा आली की आई हसून घ्यायची आणि मग पुढे सांगायची.

मॅग्नेशियमनं फिट का थांबते, यावर डॉक्टर मंडळींचं अजून पूर्ण एकमत नाही. रक्तवाहिन्या सैल पडतात, तेही कारण असेल. पण एक समजूत अशी की रक्तात मॅग्नेशियम वाढलं की मेंदूतली ती बुचं घट्ट बसतात आणि ओरडा कमी होतो. माझा झाला. मग पोट उघडून मुलीला बाहेर काढलं. "पोरगी रडली," आई म्हणायची, "आन् सगळा दवाखाना गप झाला." आणि लगेच पुढच्या वाक्यात बारसं यायचं. पाळणा कुणाचा आणला होता, आत्यानं कानात नाव सांगताना पाठीत किती धपाटे खाल्ले, सगळं तपशिलानं. मुलगी रडली आणि बारसं झालं, या दोहोंच्या मध्ये काही नसायचं.

मधलं मला थोडं आठवतं, पण ते नंतरचं. खिडकीचे गज आठवतात. माझ्या केसांना कांद्याचा वास येत होता. आईच्या मांडीवर एक बाळ होतं आणि ते कुणाचं असेल याचा मी विचार करत नव्हते. मुलगी पहिल्यांदा माझ्याजवळ दिली तेव्हा मी काय केलं, हे आईनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. माझी मुलगी मात्र कळायला लागल्यापासून हेच विचारत आली. "मग आजी, मम्मीनं मला घेतल्यावर काय केलं?" आई म्हणायची, "काय करणार? घितलं की." आणि तिला लाडू काढून द्यायची.

पुढचे कित्येक महिने मला त्या मुलीबद्दल काही वाटत नव्हतं. राग नव्हता आणि मायाही नव्हती. पाजायचं, ढेकर काढायची, लंगोट वाळत घालायचे. शेजारणीनं विश्वासानं ठेवलेलं मूल सांभाळावं तसं मी सगळं नीट करत होते. लोक म्हणायचे, किती शांत बाळंतीण आहे. माया पुढे आली, कधी आली ते कळलं नाही. कुठल्या एका दिवसावर बोट ठेवून मला सांगता येत नाही की इथून मी तिची आई झाले, आणि ते मला आयुष्यभर खुपलं आहे.

घरी आल्यावर आईनं एक उद्योग केला. भावाच्या शेडमधल्या पोत्यातून मूठभर खत घेतलं, एका झाकणाच्या डबीत भरलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. रोज त्याला हळदकुंकू वाहायला लागली. "ह्यानं माझी लेक वाचवली," म्हणायची. मी म्हणाले, "आई, ते उसाचं खत आहे." ती म्हणाली, "असू दे. तुळस बी झाडच हाय."

गेल्या वर्षी गणपतीनंतर मी पाटसला गेले होते. आईनं चहा केला. भावानं पहिला घोट घेतला आणि अंगणात थुंकला. मी माझा चाखला. नुसता कडू नाही, जिभेला विचित्र गार, खारट-कडू. स्वयंपाकाच्या ओट्यावर देव्हाऱ्यातली डबी रिकामी पडली होती. दिसायला ते दाणेदार साखरेसारखंच असतं. आई स्वतःचा कप पीत होती. तोंड वाकडं न करता म्हणाली, "ह्या खेपंची साखर कडू निघाली."

पंधरा-सोळा वर्षं जिला तिनं हळदकुंकू वाहिलं ती डबी तिला ओळखता आली नव्हती. त्याआधी गॅस चालू राहिला होता, भावजयीला तिनं दोनदा परक्या बाईसारखं हटकलं होतं, पण वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. पुण्याला नेलं, तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. मी नाव वाचलं आणि ओळखलं, कारण ती गोळी नेमकी त्या दुसऱ्या दाराशीच काम करते. अशा आजारात फटीत ग्लुटामेट सारखं पाझरत राहतं आणि दार किलकिलं राहून पेशी शिणतात, म्हणून ही गोळी मॅग्नेशियमसारखी दारात जाऊन बसते. खरी हाक आली तर बाजूला होते, अशी कल्पना. रोग काही थांबत नाही. थोडा हळू चालतो, तोही सगळ्यांचा नाही.

भावाला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी ताई, डबी खाल्ली ते तिनं बराबरच केलं की." भावजय हसली, तो हसला. मीही ओठ हलवले. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला काही वाटेनासंच झालं. रडू नाही, भीती नाही. आई जात होती, एकेक दार लागत होतं, आणि मी गोळ्यांच्या वेळा भावजयीला फोनवर सांगत होते. बधिर हा शब्द मी वर्गात वापरते, दातांच्या इंजेक्शनचं उदाहरण देऊन. तसंच होतं ते, फक्त उतरत नव्हतं.

माझी मुलगी यंदा माझ्याच वर्गात आहे. मागच्या बाकावर बसते आणि मला मॅडम म्हणते. दिवाळीनंतर मी धडा घेतला. चायनीजच्या गाडीशी वर्ग हसला. बुचाचं सांगून झालं तेव्हा तिनं हात वर केला.

"मॅडम, बूच बसलेलं असताना जे होतं, त्याची आठवण बनतच नाही, की बनते आणि सापडत नाही?"

"बहुधा बनतच नाही," मी म्हणाले.

"मग ती फक्त दुसऱ्या कुणाकडं असेल तर असेल."

"हो," मी म्हणाले आणि फळा पुसला.

घरी आल्यावर ती सरळ म्हणाली, "मम्मी, आजीला विचारूया. अजून तिला जुनं आठवतंय. नंतर कुणाकडंच राहणार नाही ते."

"काय राहणार नाही?"

"तू मला घेतलंस तेव्हाचं."

मी म्हणाले, कांदा चिरून दे. ती चिरत बसली. मग म्हणाली, "तुला भीती वाटते का?" मी नाही म्हणाले, आणि ते खरं होतं. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला फक्त इतकं कळत होतं की आईनं जे झाकून ठेवलं ते चांगलं नसणार, आणि ते ऐकायला ही मुलगी समोर बसलेली असणार.

रविवारी आम्ही निघालो. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत एसटी, पुढे पाटसला वडापची जीप. हंगाम सुरू झाला होता, भीमेचा पूल ओलांडल्यावर रस्त्यावर सगळीकडे चिपाडं सांडलेली. वडापमध्ये मुलगी खिडकीशी बसली होती आणि काही बोलत नव्हती. माझ्यासारखी गप्प बसते ती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. भाजी, देठ, चिखलाच्या मुळ्या, तीन ढीग अगदी नीट. हातांना सगळं येत होतं. तिनं मान वर करून आम्हाला बघितलं आणि मला म्हणाली, "या बाई, बसा. ऊन लई हाय." मुलीला तिनं आधी भावाची लेक समजलं, मग ते सोडून दिलं आणि तिच्यापुढे एक जुडी सरकवली. आम्ही दोघी निवडायला लागलो.

जरा वेळानं मुलगी म्हणाली, "आजी, तुझ्या लेकीचं बाळंतपण कसं झालं गं?"

आईचा चेहरा उजळला. सगळं आलं. सुजलेले पाय, न आलेला ठसका, फोडलेला कांदा, ट्रॅक्टर, शेडमधलं पोतं. त्या जागी ती हसलीसुद्धा. शब्द तेच होते, एकही इकडचा तिकडे नाही. काल काय जेवली ते तिला आठवत नव्हतं, पण या वाटा इतक्या वेळा तुडवलेल्या होत्या की त्या अजून शाबूत होत्या. "पोरगी रडली," आई म्हणाली, "आन् सगळा दवाखाना गप झाला." आता बारसं येणार म्हणून मी मेथीकडे बघत राहिले.

"मग?" मुलगी म्हणाली.

आईनं हातातली काडी खाली ठेवली. माझ्याकडे वळली, बाईमाणसानं बाईमाणसाशी बोलावं तशी, आवाज बारीक करून.

"कुणापाशी बोलू नका बाई. लेक शिकल्याली हाय माझी, तिला लागंल. लेकरू तिच्या कुशीत दिलं. तिनं बघितलं आन् म्हणली, हे कुणाचं हाय? नर्सबाई म्हणली, आवं, तुमचंच की. तर न्हाई म्हणली. माझं न्हाई, ज्याचं आसंल त्याला द्या. आन् हातानं सरकावलं त्याला."

मुलीनं पुढची काडी घेतली. मीही घेतली.

"शुद्ध न्हवती वो तिला," आई म्हणाली. "तिचं काय चुकलं? पण लेकराला कुणी तरी आपलं म्हणाया नगं का? म्या उचाललं. म्हणलं, आसू दे. माझी लेक शुद्धीवर येस्तवर हे माझं हाय." मग ती पुन्हा मेथीकडे वळली. "आली मग हळूहळू. येळ लागला तिला. पर आली."

मला काय वाटलं, असं कुणी विचारलं तर सांगते: काही नाही. मी देठ एका बाजूला आणि पानं एका बाजूला ठेवत होते. इतकंच डोक्यात आलं की आईनं हे सगळी वर्षं एकटीनं सांभाळलं, आणि आज मला ओळखलं नाही म्हणूनच मला सांगितलं. मुलीकडे बघायची माझी हिंमत नव्हती. इतकी वर्षं विचारून तिला मिळालं ते हे, हातानं सरकावलं.

आई आता माझ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग मुलीला कोपरानं ढोसून म्हणाली, "ही बाई कुणाची गं? मघापासनं बसलीय, बोलत न्हाई काय न्हाई."

मुलीनं मान वर केली नाही. मेथीची काडी मोडत म्हणाली, "माझी हाय."

"आसं व्हय," आई म्हणाली. "मग च्या टाक की तिला. साखर चाखून टाक."

मुलगी उठून आत गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि मग जरा वेळ काहीच आवाज नाही, चाखत असणार. तेव्हा मला रडू आलं.